सांगाडा नसलेले पोवळे

कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गात पार्वतीच्या स्मिताचे वर्णन करताना कालिदासाने एकाच श्लोकात दोन कल्पना केल्या आहेत: कोवळ्या पालवीवर ठेवलेले फूल, किंवा स्वच्छ पोवळ्यावर ठेवलेला मोती. पालवीसाठी तो 'प्रवाल' हा शब्द योजतो आणि पोवळ्यासाठी 'विद्रुम'. वर्गात हा श्लोक शिकवताना आपण कल्पनेच्या सौंदर्यापाशी थांबतो. शब्दांच्या या निवडीकडे सहसा लक्ष जात नाही. 'प्रवाल' या शब्दाला पालवी आणि पोवळे असे दोन्ही अर्थ आहेत, आणि 'विद्रुम' या शब्दाच्या पोटात 'द्रुम' बसलेला आहे. संस्कृत भाषेने पोवळे रत्नांच्या पेटीत ठेवले खरे, पण नाव देताना त्याला झाडच मानले. पुढे 'प्रवाल' प्राकृतातून उतरत मराठीत 'पोवळे' झाला तेव्हा ती झाडाची आठवण गळून गेली. उरला तो लाल मणी, अंगठीतले मंगळाचे रत्न, आणि वैद्याच्या खलातली प्रवाळपिष्टी.

या तिन्ही ठिकाणी आपल्या हाती येतो तो सांगाडा. पोवळे तयार करणारा जीव मेल्यावर मागे राहिलेला चुना. पोवळ्याचा जो काही इतिहास आजवर लिहिला गेला तो या सांगाड्याचा, म्हणजे व्यापाराचा, दागिन्यांचा आणि औषधांचा इतिहास आहे. पण पोवळ्यांच्या अगदी जवळच्या नात्यात एक असा गट आहे, ज्याला सांगाडाच नाही. इंग्रजीत त्याला 'मशरूम कोरल' म्हणतात. शास्त्रज्ञ 'कोरलीमॉर्फ' म्हणतात. मराठीत त्याला नाव नाही. दगडाला चिकटलेली, रुपयाएवढी ते तळहाताएवढी मांसल चकती, मध्यभागी तोंड, पृष्ठभागावर कधी रेषा, कधी बारीक फोड. रंग निळा, तांबडा, हिरवा, कधी तपकिरी. आपल्याकडच्या भूछत्राची, मराठवाडी बोलीतल्या 'कुत्र्याच्या छत्री'ची, आठवण व्हावी असा आकार. हा जीव मेला की दोन-तीन दिवसांत त्याचा चिकट लगदा होतो आणि मग काहीच उरत नाही. त्याचा मणी होत नाही, भस्म होत नाही, आणि सहसा जीवाश्मही होत नाही. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत मात्र जगभर घरोघरच्या काचेच्या टाक्यांत हा जीव पाळला जाऊ लागला आहे. अशा जीवाचा इतिहास लिहायचा तर तो निगराणीचा इतिहास असणार, कारण दुसरा पुरावा त्याने ठेवलेलाच नाही.

हा विचार समुद्रापासून सव्वातीनशे किलोमीटर दूर, छत्रपती संभाजीनगरात बसून करण्याला एक वेगळे कारण आहे. हा प्रदेश पोवळ्याचे जुने गिऱ्हाईक आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या मार्गदर्शिकेत आपल्या जिल्ह्यातले पैठण आहे, आणि धाराशिव जिल्ह्यातले तेरही आहे. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तेर, असे अंतर तो देतो. या दोन गावांहून अकीकाचे दगड आणि कापड गाड्यांत भरून भडोचला येते, असेही नोंदवतो. त्याच पुस्तकात भडोचच्या बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे: मद्य, तांबे, कथील, शिसे, आणि पोवळे. हे पोवळे भूमध्य समुद्रातले. गाड्या माल घेऊन जात आणि रिकाम्या परतत असतील असे मानणे कठीण. सातवाहनांच्या राजधानीतल्या बाजारपेठेत इटलीच्या किनाऱ्यावरचा लाल सांगाडा पोचत असणार. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पोवळ्याच्या प्रकारांत 'आलकंदक' असा एक येतो, आणि त्यात अलेक्झांड्रियाचे नाव दडले असावे असे काही अभ्यासकांनी सुचवले आहे.

या व्यापाराची दुसरी बाजू प्लिनीने लिहून ठेवली आहे. रोमन लोकांना हिंदुस्थानी मोत्यांचे जेवढे वेड, तेवढेच हिंदुस्थानी लोकांना पोवळ्याचे, असे तो सांगतो. आणि पुढे असेही म्हणतो की, तिकडे इतके पोवळे रवाना होते की ते जिथे निघते तिथेच आता क्वचित पाहायला मिळते. सोने पूर्वेकडे वाहून चालल्याची प्लिनीची तक्रार आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत अभिमानाने सांगितली जाते. त्याच लेखकाची पोवळ्याबद्दलची ही नोंद सांगितली जात नाही. दूरच्या एका समुद्राचा तळ आपल्या गळ्यातल्या माळांसाठी खरवडला जात होता, हे त्या वैभवाचे दुसरे टोक आहे, आणि ते सांगितले गेले पाहिजे.

दीड हजार वर्षांनंतरही चित्र फारसे बदललेले नाही. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए सुरतेहून गोवळकोंड्याला जाताना औरंगाबादेवरून गेला. औरंगजेबाच्या बेगमेच्या कबरीसाठी, म्हणजे आजच्या बीबी का मकबऱ्यासाठी, लाहोरकडून संगमरवर आणणाऱ्या तीनशेवर गाड्या वाटेत दिसल्याचे तो सांगतो. १६७६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच प्रवासवर्णनात पोवळ्यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. युरोपात पोवळ्याला रत्न म्हणून मान नाही, पण इतरत्र मोठी किंमत आहे, अशी त्याची सुरुवात आहे. मग सार्डिनिया, कॉर्सिका, सिसिली अशा ठिकाणांची हिशेबी नोंद. पुढच्या शतकात इटलीतल्या लिव्होर्नो बंदरातले ज्यू व्यापारी पोवळे गोव्याला पाठवत आणि बदल्यात हिरे मागवत; गोव्यात त्यांचा व्यवहार सारस्वत व्यापाऱ्यांशी चाले. ही माणसे एकमेकांना आयुष्यात कधी भेटली नाहीत. धर्म वेगळा, भाषा वेगळी, न्यायालय वेगळे. मध्ये पोर्तुगीज भाषेतली पत्रे आणि एकमेकांचा शब्द. फ्रान्चेस्का त्रिवेलातो यांनी २००९ सालच्या आपल्या ग्रंथात या पत्रव्यवहाराचा सुरेख अभ्यास केला आहे, आणि परस्परविश्वास हा विषय घेऊन कादंबरी लिहू पाहणाऱ्या मराठी लेखकाने तो जरूर वाचावा.

या सगळ्या काळात पोवळे हा प्राणी आहे याची फारशी कोणाला जाणीव नव्हती. ओव्हिडच्या काव्यात मेडूसाच्या शिराखाली ठेवलेले समुद्री गवत दगड होते आणि पोवळे जन्मते. पाण्यात मऊ, हवेत कठीण. ही कथा युरोपात सतराशे वर्षे जवळजवळ शास्त्र म्हणून चालली. १७०६ मध्ये मार्सिली या इटालियन विद्वानाला समुद्राच्या पाण्यात ठेवलेल्या पोवळ्याच्या फांदीवर पांढरी 'फुले' उमललेली दिसली, आणि वनस्पती असण्याचा पुरावा मिळाला असे सर्वांना वाटले. मार्सेलचा वैद्य पेसोनेल याने ती फुले अधिक वेळ पाहिली. स्पर्श होताच ती मिटतात, आणि त्यांचे वागणे प्राण्याचे आहे, हे त्याने १७२०च्या दशकात पॅरिसच्या अकादमीला कळवले. रेओम्यूर या थोर शास्त्रज्ञाने ते मत मांडले, पण पेसोनेलचे नाव घेतले नाही. कारण त्याला ते मत इतके चुकीचे वाटले की नाव घेतल्याने लेखकाचे हसे होईल! नंतर रेओम्यूरने चूक मान्य केली, पण तोवर पेसोनेल वेस्ट इंडीजमध्ये ग्वादलूपला निघून गेला होता. त्याच्या हस्तलिखिताचा सारांश लंडनच्या रॉयल सोसायटीने १७५०च्या दशकात छापला. एका 'फुला'कडे थोडा अधिक वेळ पाहणे, एवढेच त्याने केले होते.

आपल्या मशरूमला शास्त्रीय नाव मिळाले ते १८२८ साली, तांबड्या समुद्रातल्या नमुन्यांवरून: 'डिस्कोसोमा', म्हणजे चकतीसारखे शरीर. ऱ्होडॅक्टिस, रिकॉर्डिया ही नावे पुढच्या तीसेक वर्षांतली. (फंजिया नावाच्या, सांगाडा असलेल्या पोवळ्यालाही इंग्रजीत 'मशरूम कोरल' म्हणतात. नावाचा हा घोळ पुढे कायद्याच्या संदर्भात महत्त्वाचा ठरतो, म्हणून इथेच सांगून ठेवतो.) या जीवांना सांगाडा का नाही, हा प्रश्न शास्त्रज्ञांना अलीकडेपर्यंत छळत होता. २००६ साली एक आकर्षक उत्तर पुढे आले: हे 'नग्न पोवळे' आहे, क्रिटेशियस काळात समुद्राचे रसायन बदलले तेव्हा एका पोवळ्याने आपला सांगाडा टाकून दिला आणि तेच हे. समुद्र आज पुन्हा आम्लाकडे झुकत असताना ही कल्पना लोकांना भावणे साहजिक होते. मात्र २०१४ व २०१६ मध्ये झालेल्या अधिक विस्तृत जनुकीय अभ्यासांनी ती मोडीत काढली. हा गट पोवळ्यांचा भाऊ आहे, वंशज नव्हे. सांगाडा त्याच्याकडे कधी नव्हताच. कथा म्हणून पहिले उत्तर चांगले होते. साहित्याच्या लोकांना त्याबद्दल हळहळ वाटली तर तो गुन्हा नाही.

आता काचेकडे वळू. समुद्रातला जीव घरात जिवंत ठेवायचा ही कल्पना मुख्यतः एकोणिसाव्या शतकातली. फ्रान्सची झान व्हिलप्रो-पॉवर हिने १८३२ च्या सुमारास सिसिलीत काचेच्या पेट्या करवून घेतल्या. १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टनने पाणवनस्पती, मासे आणि गोगलगायी यांचा समतोल दाखवून दिला. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडले. पण मध्यमवर्गीय घरात टाकी पोचवली ती फिलिप हेन्री गॉस याने. त्याच्या १८५४ च्या पुस्तकाने 'अ‍ॅक्वेरियम' हा शब्द रूढ केला. समुद्राचे पाणी कसे आणावे, किती प्रकाश द्यावा, मेलेला जीव लगेच का काढावा, हे सारे तो भक्तिभावाने लिहितो, कारण त्याच्या लेखी प्रत्येक समुद्रफूल ही ईश्वराची थेट कृती होती. १८६० मध्ये पूर्ण झालेल्या समुद्रफुलांवरच्या त्याच्या ग्रंथात 'कोरिनॅक्टिस' आहे: इंग्लंडच्या खडकांवरचा रत्नासारखा चिमुकला जीव, आणि आपल्या मशरूमचा सख्खा नातेवाईक. जॉर्ज एलियट आणि लुइस १८५६ मध्ये डेव्हनच्या किनाऱ्यावर गेले ते याच लाटेत.

या लाटेचा शेवट काय झाला, हे गॉसच्या मुलानेच लिहून ठेवले आहे. एडमंड गॉसचे 'फादर अँड सन' हे १९०७ चे आत्मचरित्र आपल्याकडे श्रद्धा विरुद्ध विवेक या संघर्षासाठी वाचले जाते. पण त्यातला मला सर्वात जास्त बोचणारा भाग खडकांतल्या डबक्यांविषयीचा आहे. वडिलांच्या बोटाला धरून ज्या डबक्यांत त्याने लहानपणी अस्पर्श सौंदर्य पाहिले, ती वडिलांचीच पुस्तके वाचून आलेल्या हौशी लोकांनी बघता बघता ओरबाडून नेली. वडिलांना याचे दुःख झाले, असेही तो सांगतो. ज्याने जगाला पाहायला शिकवले त्याच्याच वाचकांनी पाहण्याची जागा संपवली. टीकाकारांनी या परिच्छेदाकडे स्मरणरंजन म्हणून पाहिले आहे. मला ते या पुस्तकाचे मर्म वाटते. पिता-पुत्रांमधली दरी ईश्वरावरून पडली, पण दोघांची सामायिक हानी ती डबकी होती.

विसाव्या शतकात टाकीत समुद्री मासे जगू लागले, पोवळी मात्र मरत. जकार्ताच्या ली चिन एंग याने १९६१ मध्ये समुद्रातले जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर टाकी चालवून दाखवली. पुढे बर्लिनच्या हौशी मंडळींनी तीच वाट पक्की केली. मुंबईच्या १९५१ सालच्या तारापोरवाला मत्स्यालयाने मराठी मुलांच्या दोन-तीन पिढ्यांना काचेमागचा समुद्र दाखवला, पण त्याच्या दाराशीच अरबी समुद्र होता. संभाजीनगरात समुद्र घडवावा लागतो, आणि तो पाण्याच्या दुष्काळी हिशेबात घडवावा लागतो.

या शहराचा इतिहासच मुळी पाणी दुरून आणण्याचा आहे. १६१० मध्ये मलिक अंबरने खडकी वसवली आणि डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नहरींतून गावात आणले. पाणचक्कीच्या हौदात अशाच एका नहरीचे पाणी आजही आपण पाहतो, त्यातल्या माशांसह. अलीकडच्या काळात जायकवाडीचे पाणी नळाला काही दिवसांच्या अंतराने येण्याची शहराला दीर्घकाळ सवय झाली. अशा ठिकाणी दोनशे लिटरची समुद्री टाकी मांडायची म्हणजे आधी पाण्यातले सगळे क्षार काढून टाकायचे आणि मग लिटरमागे पस्तीस ग्रॅम या हिशेबाने सात किलो विशिष्ट मीठ त्यात घालायचे. बोअरचे जड पाणी चालत नाही. आरओ यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर बाजूला टाकते. ते बागेला, फरशीला, संडासाला वापरण्याची शिस्त ज्याच्या घरी नाही, त्याने या शहरात हा छंद करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. मे महिन्यात पारा चाळीसच्या वर जातो आणि टाकीतले पाणी मात्र पंचवीस-सव्वीस अंशांवर हवे. तीस अंशांच्या आसपास बराच काळ राहिले तर मशरूमच्या शरीरातले सूक्ष्म शैवाल, ज्याच्या अन्नावर तो मुख्यतः जगतो, त्याला सोडून जाते आणि तो पांढरा पडतो. म्हणून पाणी थंड ठेवणारे चिलर हवे, आणि वीज गेल्यावर पाणी हलते ठेवणारा बॅटरीवरचा पंप हवा. पाणी उडून जाते, मीठ उडत नाही. त्यामुळे रोजची भर गोड्या पाण्याची घालायची. मिठाचे पाणी भरत राहणारा नवखा माणूस महिन्याभरात टाकी खारवून टाकतो.

मराठीतला 'निगा' हा शब्द फारसी 'निगाह'वरून आला आहे. निगाह म्हणजे नजर. मशरूमच्या बाबतीत हा शब्द शब्दशः खरा आहे, कारण या जीवाला बाकीचे फारसे काही लागत नाही. सांगाडा बांधायचा नसल्याने चुन्याचे प्रमाण थोडे घसरले तरी तो तग धरतो. नायट्रेटचा अंश असलेले पाणी त्याला उलट मानवते. प्रखर प्रकाश आणि जोराचा प्रवाह मात्र सोसत नाही. तो टाकीच्या तळाशी, सावलीत ठेवावा. प्रकाश जास्त झाला तर आक्रसतो, कमी झाला तर प्रकाशाकडे ताणला जाऊन पेल्यासारखा उंचावतो, आणि जागा अजिबात पसंत नसेल तर खडक सोडून देतो व वाहत दुसरीकडे जाऊन बसतो. अंगाला बुळबुळीत स्राव असल्याने त्याला गोंदाने चिकटवता येत नाही. खडकाच्या बारीक तुकड्यांनी भरलेल्या वाटीत ठेवून वर जाळी बांधायची आणि आठवडा-दोन आठवडे थांबायचे. तो आपणहून धरतो. माशांना दिलेले तांब्याचे औषध त्याच्यासाठी विष आहे. हे सगळे कळते ते त्याच्या आकारावरून, रोज पाहिल्यावर. तक्रार करायला त्याच्याकडे दुसरी भाषा नाही.

सोसण्याच्या या गुणाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. पॅसिफिक महासागरातल्या पामायरा बेटापाशी १९९१ मध्ये एक मासेमारी जहाज बुडाले. काही वर्षांनी त्या सांगाड्याभोवती ऱ्होडॅक्टिस वर्गातल्या मशरूमची चादर पसरू लागली आणि खालची पोवळी गुदमरून मेली. गंजणाऱ्या लोखंडाने ही वाढ पोसली असावी असा संशय होता, आणि शेवटी २०१३-१४ मध्ये जहाजाचे अवशेष काढण्यात आले. घरच्या टाकीतही शेजारच्या पोवळ्याला तो असाच दाबून टाकतो.

राहिला तो मूळ प्रश्न: हा जीव येतो कुठून? २००१ मध्ये भारत सरकारने खडक बांधणारी सर्व पोवळी, काळी पोवळी, समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातली, म्हणजे वाघाच्या पंक्तीला बसवली. फंजियाही त्यात आली. सांगाडा नसलेला मशरूम त्या यादीत नावानिशी नव्हता. पण तो ज्या दगडावर बसून येतो तो दगड बहुधा मेलेल्या पोवळ्याचाच असतो, आणि समुद्रातून तो फोडून आणणारा हात एकच असतो. आपला किनारा या बाबतीत रिकामा नाही. मालवणच्या १९८७ मध्ये जाहीर झालेल्या सागरी अभयारण्यात पोवळी आहेत. कान्होजी आंग्र्यांचे नाव मिळालेल्या, विजयदुर्गापासून शंभरावर किलोमीटर आत असलेल्या आंग्रिया बँकेवर आहेत. इतकेच काय, मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी २०२० मध्ये वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरून १८ वसाहती उचलून दुसरीकडे लावाव्या लागल्या. शहराच्या गटारांच्या तोंडाशी पोवळी जगत होती, हे बहुतेक मुंबईकरांना तेव्हाच कळले.

प्लिनीच्या नोंदीपासून एडमंड गॉसच्या डबक्यांपर्यंत एकच हिशेब चालत आला आहे: दूरचा तळ रिकामा करून जवळचे घर सजवणे. मशरूमच्या बाबतीत हा हिशेब बदलण्याची सोय निसर्गानेच ठेवली आहे. धारदार पात्याने तोंडाच्या मधोमध कापले तर दोन्ही अर्धे काही आठवड्यांत पूर्ण होतात. कापायचीही गरज नसते. तो खडकावरून मुंगीहूनही कितीतरी संथ वेगाने सरकतो, सरकताना पायथ्याचे तुकडे मागे ठेवत जातो, आणि प्रत्येक तुकड्याला तोंड फुटते. एका टाकीतून दुसऱ्या टाकीत, पिशवीभर खाऱ्या पाण्यातून, तो असा वर्षानुवर्षे जाऊ शकतो. कोणत्याही समुद्राला पुन्हा हात न लावता. विकत घेणाऱ्याने विक्रेत्याला एवढेच विचारायचे असते, की हा कोणाच्या टाकीत वाढला. उत्तर मिळाले नाही तर रिकाम्या हाताने परतायचे.